गुरुशांत फिटरचा सतरावा ठोकळा

श्रीपूरच्या साखर कारखान्यात गुरुशांत हत्तुरे यांनी चौतीस वर्षे फिटर म्हणून काढली, आणि त्या काळात फिरत्या कटरने लोखंड तासणाऱ्या मिलिंग मशीनला एकदाही हात लावला नाही. यामागे अनिच्छा नव्हती, मनाई होती. मशीनशॉपचे प्रमुख शिवपुत्र बिराजदार यांनी मशीनभोवती फरशीवर पिवळा पट्टा मारून घेतला होता. फिटरने पट्ट्याबाहेर उभे राहून काम मागायचे, अशी पद्धत होती. मशीनवरून उतरलेला तुकडा जागेवर बसला नाही, तर "कानस मार" एवढेच उत्तर मिळे. गुरुशांत कानस मारीत.

निरोपसमारंभात शिवपुत्र यांनी भाषण केले. गुरुशांतचा हात कानशीचा आहे, मिलिंगचा नव्हे, हे त्यांनी कौतुकाच्या वाक्यात बसवून सांगितले. टाळ्या पडल्या. आभार मानताना गुरुशांत एवढेच म्हणाले, "अण्णा, एक दिवस स्वतःचं मशीन घेऊन त्यावरचा ठोकळा तुमच्या गुण्याला लावून दाखवतो." गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे पोलादी हत्यार. तो ठोकळ्याला टेकवून उजेडाकडे धरायचा. फटीतून प्रकाश दिसला नाही, तर काम खरे.

गुरुशांत यांच्या जुळे सोलापुरातल्या घराची मागची खोली पत्नी दाक्षायणीबाईंच्या कडक भाकऱ्यांची होती. तिच्या अर्ध्या भागात, बंद पडलेल्या एका वर्कशॉपातले लहान मिलिंग मशीन चार माणसांनी आणून ठेवले. दाक्षायणीबाईंनी त्याच्या मोकळ्या टेबलावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, ओले कुंकू लावले आणि अक्षता वाहिल्या. नारळ टेबलावर फोडू देण्यास गुरुशांत यांनी ठाम नकार दिला. तो उंबऱ्यावर फुटला. यंत्राच्या अचूकतेविषयी घेतलेली ही पहिली दक्षता होती. वाहिलेले पुसायचे नसते, म्हणून त्यांनी व्हाइस, म्हणजे लोखंड जबड्यात धरणारी जड पकड, त्या पूजेवरच बसवली आणि बोल्ट आवळले.

पुढच्या तीन आठवड्यांत सोळा ठोकळे झाले. पहिला कटर उलटा फिरल्यामुळे वाया गेला. त्याची चर्चा घरात होत नाही. उरलेले पंधरा दिसायला निर्दोष होते, पण गुण्या लावला की प्रत्येकाच्या एका टोकाला केसभर उजेड दिसे. गुरुशांत यांनी कटर धरणारे मशीनचे डोके सैल केले, सरळ केले, आवळले, पुन्हा सैल केले. दाक्षायणीबाई नापास ठोकळे भाकऱ्यांवरचे फडके उडू नये म्हणून वापरू लागल्या.

ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी शिवपुत्र आपला गुण्या फडक्यात गुंडाळून आले.

"लई मोठी भाकरीची मशीन आणलीस की," खोली पाहून ते म्हणाले.

त्यांनी सोळावा ठोकळा खिडकीकडे धरला. उजेड दिसला.

"कानशीनं सरळ करून ठेवला असतास, तर मला कळलं बी नसतं."

"मला कळलं असतं की," गुरुशांत म्हणाले.

शिवपुत्र यांनी स्वतः डायल, म्हणजे सुईचे मापक, लावून मशीनचे डोके तपासले. ते सरळ निघाले. "डोकं सरळ हाय," ते म्हणाले. "म्हणजे हात वाकडा."

दाक्षायणीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "परातीखाली ज्वारीचा एक दाणा आला तरी परात डुलती, भाकरी एका अंगाला पातळ हुती. तुमच्या त्या पकडीखाली काय हाय, बघितलं का?"

"तू वाहिलेलं हाय."

"मी टेबलाला वाहिलं. त्याच्यावर हे ठेवा असं मी न्हाय सांगितलं."

बोल्ट सोडून दोघांनी व्हाइस उचलली. खाली मागच्या कडेला चेपलेल्या अक्षता कुंकवात वाळून कडक झाल्या होत्या. पुढची कडा स्वच्छ होती. दाक्षायणीबाईंनी त्या सुरीने खरवडून वाटीत घेतल्या आणि बेलाच्या कुंडीत टाकायला नेल्या.

शिवपुत्र यांनी टेबलाच्या मागच्या कडेवरून बोट फिरवले.

"कारखान्यात खंडेनवमीला व्हाइस काढूनच पूजा व्हायची," ते म्हणाले.

"व्हय."

"दुसऱ्या दिवशी मी तशीच वर बसवायचो. पुसू कसं."

"व्हय. आन् गळीत सुरू झालं की तुकडे बसायचे न्हाईत."

"मी फिटरला बोलायचो."

"मी कानस मारायचो," गुरुशांत म्हणाले.

एवढ्यावर चौतीस हंगामांचा विषय संपला. गुरुशांत यांनी टेबल पुसले, व्हाइस पुन्हा बसवली आणि सतरावा ठोकळा जबड्यात धरला. सवयीने शिवपुत्र यांचा हात मशीनच्या चाकाकडे गेला.

"अण्णा, हात लावू नका."

शिवपुत्र मागे सरकले. या फरशीवर पिवळा पट्टा नव्हता. तरी ते नेमके तेवढ्याच अंतरावर जाऊन थांबले. कटर फिरला, चुरा पडला, बाजू बदलली, पुन्हा चुरा पडला. ठोकळा पुसून गुरुशांत यांनी तो पुढे केला. शिवपुत्र यांनी गुण्या लावून तो खिडकीकडे धरला, उलटा करून धरला, मग खिडकीवर विश्वास नसल्यासारखे दारात जाऊन धरला.

"उजेड न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय," गुरुशांत म्हणाले.

शिवपुत्र यांनी गार झालेला चहा उभ्यानेच संपवला आणि ठोकळा गुण्याबरोबर फडक्यात गुंडाळला. "हा मी नेतो."

"तो न्या की," कुंडीकडून परतलेल्या दाक्षायणीबाई म्हणाल्या. "बाकीचे सोळा राहू द्या. फडक्याला लागतात."