आवाज चोरायचा नाही

पट्टीबाईंनी आमच्या शाळेत हातात पट्टी कधीच घेतली नाही. तरीही पहिल्या दिवशी नवी मुलं त्यांच्या तासाला हात पाठीमागे लपवून बसायची. नाव ऐकून दुसरं काय वाटणार? बाईंची पट्टी होती ती पेटीतली. पेटीच्या ज्या कळीपासून माणसाला नीट गाता येतं, ती त्याची पट्टी. जगातल्या यच्चयावत वस्तूंना अशी पट्टी असते, असा बाईंचा दावा होता. शाळेची घंटा काळी दोन. शिक्षकखोलीतला पंखा पांढरी चार, पण उन्हाळ्यात उतरतो. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एरवी काळी पाच आणि पालकसभेत त्याच्याही वर. हे त्या मोठ्या बाईंच्या तोंडावर, चहा पिता पिता सांगायच्या. मोठ्या बाईंना ती स्तुती वाटायची, म्हणून निभावलं.

मुलुंडच्या या मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीचा वर्गशिक्षक. माझा वर्ग आणि संगीताची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे. 'भिंत' हा शब्द मी सौजन्यानं वापरतोय. इकडे मी फळ्यावर भागाकार मांडायचा आणि तिकडून अख्खी तिसरी सा लावायची. मग माझी पोरंही भाजक विसरून सा लावायची. मी जाऊन तक्रार केली, तर बाई म्हणाल्या, "सर, तुमचा भागाकार कंटाळवाणा आहे, त्याला माझा सा काय करणार?"

पेटी शाळेचीच, आणि शाळेइतकीच जुनी. भात्याला दोन ठिकाणी ठिगळं होती आणि मधला एक सूर पार मुका झाला होता. तो सूर आला की बाई तोंडानं 'ऊं' करून जागा भरून काढायच्या. मुलांना वाटायचं, गाण्यातच तसं आहे. त्यामुळे आमच्या शाळेतून बाहेर पडलेली कित्येक मुलं आजही प्रार्थनेच्या दुसऱ्या ओळीत मध्येच 'ऊं' करतात.

एकदा मला मदत म्हणून त्यांनी बाराच्या पाढ्याला चाल लावली. मला न विचारता, अर्थातच. पोरांना पाढा असा पाठ झाला की मी खूश झालो. पुढे तपासणीला साहेब आले आणि त्यांनी एका मुलीला विचारलं, "बारा साती किती?" मुलीनं डोळे मिटले, हातानं ताल धरला आणि 'बारा एके बारा'पासून सुरुवात केली. साहेब थांबा थांबा म्हणत होते, ती थांबेना. चौऱ्याऐंशी आल्यावरही थांबली नाही, कारण चाल तिथे संपत नव्हती. साहेबांनी शेरा काय लिहिला ते मोठ्या बाईंनी आम्हाला सांगितलं नाही. पट्टीबाई म्हणाल्या, "लय पक्की होती पोरीची. साहेबांनीच घाई केली."

बाई मूळच्या मालवणकडच्या, राहायला भांडुपला. शाळेत चोख मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा जीव कळवळला की मालवणी सुटायची. त्यांच्या तासाला नियम एकच, तोही ओरडून सांगितलेला: "सूर चुकला तरी चालेल, आवाज चोरायचा नाही!" आवाज चोरणं म्हणजे गळा मोकळा न सोडता दबून, लपून गाणं. गाणाऱ्या मंडळींत हा शब्द सर्रास चालतो. पण तिसरीतल्या मुलांना तो कसा कळणार? प्रज्ञा नावाची एक मुलगी नव्यानं शाळेत आली होती. चेहरा गंभीर, वेण्या घट्ट. ती गाताना पुटपुटत होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "चोरलास ना? मला कळतं हं!" प्रज्ञानं रडत रडत दप्तर जमिनीवर उपडं केलं. "बघा बाई, माझ्याकडे काहीच नाही!"

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाची आई शाळेत हजर. ती एका दवाखान्यात कामाला होती आणि कामावर जाता जाताच आली होती. प्लायवूडमुळे सगळं मला ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर वर्गाला उत्तरं तपासायला सांगून मी संगीताच्या खोलीच्या दारातच जाऊन उभा राहिलो.

"माझ्या पोरीवर चोरीचा आळ घेता? काय चोरलं तिनं? बोला ना, काय गेलं तुमचं?"

"आवाज," बाई म्हणाल्या.

 आई माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, ह्या बऱ्या आहेत ना?"

मग बाईंनी तिला खाली बसवलं, पेटी पुढ्यात ओढली आणि आवाज चोरणं म्हणजे काय ते गाऊन दाखवलं. एकदा चोरून, एकदा मोकळं. जाण्याआधी त्या माउलीलाही सा लावायला लावला. "पांढरी पाच! भांडताना अगदी सुरात भांडता हो तुम्ही." आई हसत गेली. पण जाता जाता लेकीला बजावून गेली, "प्रज्ञा, उद्यापासून एकदम जोरात गायचं. आपल्याला कोण चोर म्हणायला नको. काय?"

झालं. त्या दिवसापासून प्रज्ञानं जो आवाज लावला तो लावला. आवाज मोठा, निर्मळ आणि ठार बेसूर. बाकीचा वर्ग पूर्वेला चालला असेल तर ही पश्चिमेला निघायची, तीही सगळ्यांच्या पुढे. मला वाटलं, आता बाईंची वाट लागली. बाई मात्र तल्लीन होऊन ऐकायच्या. "येईल हो सूर. आधी आवाज तर येऊ दे. बेसूर असं कोणी नसतं सर, काहीजण उशिरा पोचतात."

उशिरा पोचायला सवड मात्र नव्हती. आमच्या शाळेची पटसंख्या दर जूनला आटत होती आणि संस्थेच्या चिटणीसांना उपाय सापडला होता: संगणक. एका सभेत त्यांनी सांगून टाकलं की यंदा आंतरशालेय समूहगीत स्पर्धेत बक्षीस आलं तर संगीताचा तास राहील, नाहीतर तो तास संगणकाला जाईल. बाई तासिकेवर होत्या. तास गेला की बाईही गेल्या, इतकं सरळ होतं ते. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "संगणकाची पट्टी कुठली असते हो?" कोणी हसलं नाही.

स्पर्धेला पंधराच मुलं नेता येत होती. शहाण्या माणसानं सुरेल पंधरा निवडली असती. बाईंनी डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या टाकल्या. "सगळ्यांनी वर्षभर घसा फोडलाय. निवडू कोणाला?" चिठ्ठीत प्रज्ञाचं नाव आलं. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि बाईंना खोलीत बोलावून घेतलं. तिथली काळी पाच आम्हाला जिन्यापर्यंत ऐकू आली. "अहो, तिला सांगा ना, नुसते ओठ हलव! सगळ्या शाळांत सांगतात. मुलीला रंगमंच मिळेल, तुमचा तास राहील. कोणाचं काय बिघडलं?" पट्टीबाई नाही म्हणाल्या, आणि चहाला आल्या.

स्पर्धा घाटकोपरच्या एका सभागृहात होती. मुलांवर लक्ष ठेवायला मीही गेलो होतो. आमची पोरं रंगमंचावर चढली, बाईंनी पेटी उघडली, आणि गाणं इतकं सुंदर सुरू झालं की मी चकित झालो. परीक्षकांनी माना वर केल्या. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि त्या समाधानावरून मला कळलं. पहिल्या रांगेत प्रज्ञाचे ओठ हलत होते. मोठ्या बाईंनी तिला विंगेत गाठून सांगितलं होतं.

बाईंनाही कळलं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी पेटी थांबली. मुलं थांबली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, वाजवा हो, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, वाजवा. बाई भात्यावर हात ठेवून प्रज्ञाकडे बघत होत्या. मग अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "प्रज्ञा, तुझो आवाज खंय गेलो गो?"

प्रज्ञा घाबरून म्हणाली, "मी नाही चोरला बाई. मोठ्या बाईंनी ठेवून घेतला."

सभागृहात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "परत घे," एवढंच म्हणाल्या, आणि गाणं पहिल्यापासून धरलं. प्रज्ञानं परत घेतला. सगळाच्या सगळा घेतला. उरलेल्या चौदाजणांनी सुरात राहायची जी धडपड केली, ती मी जन्मात विसरणार नाही. परीक्षकांपैकी एकानं कानाला हात लावला, आदरानं नव्हे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते हसण्याचं होतं की कसलं, ते मला अजून सांगता येत नाही.

बक्षीस अर्थातच नाही. वेळेचे गुण कापले, ते वेगळेच. महिनाअखेरीला बाईंना शाल आणि नारळ देण्यात आला आणि मोठ्या बाईंनी त्यांच्या 'अमूल्य योगदाना'विषयी भाषण केलं. त्या वाईट नव्हत्या. भाषण करताना त्यांचा आवाजही थोडा उतरला होता. पट्टीबाईंनी तो नक्की टिपला असणार, पण त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

रिक्षापर्यंत सोडायला मी गेलो. राग मलाच जास्त आला होता. म्हटलं, "बाई, दोन मिनिटं गप्प राहिला असतात तर तास राहिला असता."

"राहिला असता," त्या म्हणाल्या. "आणि ती पोर जन्मभर गप्प राहिली असती. मोठी झाल्यावर कशी दिसतात अशी माणसं, ते मला माहितीय ना."

"कशी दिसतात?"

"तुमच्यासारखी."

बाईंनी शालीची घडी नीट केली.

"रोज प्रार्थनेला मागच्या रांगेत उभे असता. ओठ हलतात, आवाज येत नाही. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी घरात बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. "दुसरीत असताना, आमच्या बाईंनी," मी म्हणालो. "गॅदरिंगच्या वेळी."

"मेल्या," त्या म्हणाल्या. मला त्या असं कधीच बोलल्या नव्हत्या. मग रिक्षात बसल्या, नारळ मांडीवर घेतला आणि रिक्षावाल्याला भांडुप सांगितलं. मी माघारी फिरलो. माझ्या आयुष्यातली एवढी वर्षं कोणीतरी माझ्याकडून काढून घेतली होती आणि मी हू की चू केलं नव्हतं, हे मला फाटकापाशी कळलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना पेटीशिवायच झाली. प्रार्थना संपल्यावर मुलांची अख्खी रांग मागे वळून बघत होती. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सर, आज प्रार्थनेत ते ओरडत कोण होतं?"

"मी," म्हटलं.