पिवळ्या जास्वंदीचं पहिलं फूल

पुरुषोत्तमनगरला आमच्या घरापुढे मी कलमी जास्वंद लावली. फूल पिवळं आणि आत लालभडक, असं नर्सरीवाल्यानं फोटोत दाखवलं होतं. पुढे कित्येक महिने मी ते फोटोतच पाहत राहिले. उन्हाळ्यात कळ्या यायच्या आणि उमलायच्या आतच गळून पडायच्या. मग शेंड्यांवर पांढरी, चिकट कीड पडली. मी निंबोळी तेल फवारलं, जुन्या टूथब्रशनं एकेक फांदी घासली. नवरा म्हणायचा, "उपटून टाक. तिथे कढीपत्ता लाव."

पावसाळा सरता सरता अखेर एक कळी टिकली, चांगली फुगली. सकाळी गॅसवर चहा ठेवून बघायला आले, तर नुसता देठ! मी तशीच शेजारच्या मावशींकडे गेले. पहाटे गल्लीतली फुलं त्याच तोडतात.

"मावशी, मन्हं फूल तुम्ही लिधं का?"

"हा ना व. आज चतुर्थी शे, गणपतीले वाह्यं. झाडवर बी सांजले कोमाईच जातं ना?"

मी देवघरात डोकावले. गणपतीपुढे ते पूर्ण उमललं होतं, तळहाताएवढं, फोटोपेक्षा कितीतरी सुंदर. पण देवाला वाहिलेलं फूल परत कसं मागणार? मावशी चहा घे म्हणाल्या. मी बसले नाही.

घरी येऊन रागारागानं झाडाभोवती तारेची जाळी आवळली. त्या ओढाताणीत नव्यानं धरलेल्या कळ्या माझ्याच हातून तुटल्या.