थांब, सांगतो

बाबा पडले त्यानंतर डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना एक साधा प्रश्न विचारला होता. चालता चालता कोणी काही विचारलं, तर उत्तर द्यायला ते थांबायचे का? हेमंत, माझा धाकटा भाऊ, माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "नाही, तसं कधी पाहिलं नाही." ते खोटं होतं. आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. मस्कतला माझ्याबरोबर राहणाऱ्या बायकोलासुद्धा नाही.

मस्कतला पहिल्यांदा निघालो, तेव्हा उमेळे गावातल्या आमच्या केळीच्या वाडीतून रस्त्यापर्यंत माझी बॅग बाबांनी डोक्यावर घेतली होती. बॅग चाकांची होती, पण वाडीतली वाट चाकांची नव्हती. ते पुढे, मी मागे. केळींना पाणी नेणाऱ्या पाटावर माडाचा एक ओंडका आडवा टाकलेला असे. तो त्यांनी बॅगेसकट ओलांडला, तोंड चालूच. "पासपोर्ट वरच्या खिशात ठेवू नको. पानी उकळून पी. आनि जगू, तिथं कोनावर लगेच भरवसा ठेवू नको." एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र दोन्ही हात पसरून, कसाबसा पलीकडे.

भरवशाचं ते बोलणं मी फारच मनावर घेतलं. शेवटी ते त्यांनाच लावलं.

माझ्यासारखे जे आखातात गेले, त्यांना ठाऊक असेल, लांबून घर तुकड्यातुकड्यानं कळतं. ड्यूटी संपली की एसीत बसून मी त्या तुकड्यांची जोडाजोड करायचो. शेजारची वाडी गेली, तिथं टॉवर उभा राहिला. हेमंत फोनवर घाईत बोलायला लागला. बाबा एकच गोष्ट दोनदा विचारायला लागले. त्यात मला त्यांचं वय दिसलं नाही. कोणीतरी पढवून फोनवर बसवलंय, असं वाटलं. बिल्डर आमच्याकडेही येऊन गेला असणार, आणि मला सोडून सगळं ठरलं असणार.

सुट्टीवर घरी गेलो, तो हे मनात घेऊनच. पहिल्याच सकाळी मी चपला घालताना पाहून हेमंतची बायको सुजाता हसत म्हणाली, "दादा, चहा तरी घ्या. मग जा वाडीच्या मोजणीला." ती थट्टा होती. मला ती टोचली. हिला कसं कळलं, असं वाटलं.

बाबा केळींतून पुढे चालत होते. पावलं आखूड पडत होती, चपला जमिनीला घासत होत्या. मी विचारलं, "यंदा पाऊस कसा झाला?" ते थांबले. "झाला की बरा." मग चालू लागले. "सुरण निघाला का चांगला?" पुन्हा थांबले. उत्तर दिलं, पुन्हा निघाले. ज्या माणसाला बॅग डोक्यावर घेऊन ओंडक्यावरून बोलत जाता यायचं, त्याला आता पावसाबद्दल सांगायला उभं राहावं लागत होतं. मी हे पाहिलं. त्याचा अर्थही लावला, की म्हातारा उत्तर जुळवायला वेळ काढतोय. मग मी मुद्दाम विचारत राहिलो, आणि दर वेळी ते थांबले की माझी खात्री वाढत गेली.

पाटाशी आलो. त्यांनी ओंडक्यावर पाऊल ठेवलं आणि नेमकं तेव्हाच मी विचारलं, "हेमंतनं तुमची सही घेतली का?"

ते ओंडक्यावरच थबकले. "थांब, सांगतो."

"थांबू नका," मी म्हणालो. "चालता चालता सांगा."

त्यांनी माझं ऐकलं. एक पाऊल उचललं, तोंड उघडलं, आणि कोरड्या पाटात कुशीवर पडले. खुब्याचं हाड मोडलं.

संध्याकाळी नातेवाईक जमले. कोणीतरी म्हणालं, "सुजातानं पाण्याचा पाइप वाटेत टाकला होता ना?" पाइप होता, पण पार वाडीच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्याशी, बावखलाशी. "मी तो गुंडाळून ठेवला होता," सुजाता म्हणाली. कोणी लक्ष दिलं नाही. "एवढं वय झालेलं माणूस घरात असताना जरा बघायला नको?" एक काकी म्हणाल्या. मी भिंतीकडे पाहत बसलो.

डॉक्टरांच्या प्रश्नाचा अर्थ मला माझ्या खोट्या उत्तरानंतर कळला. चालणं दिसतं तितकं आपोआप होत नाही, ते म्हणाले, त्यात डोक्याचंही काम असतं. डोकं थकायला लागलं की काहींना चालणं आणि बोलणं एकदम झेपत नाही. मग ते बोलायला थांबतात. "तसं दिसलं असतं तर स्मरणशक्तीचीही तपासणी करून घेतली असती. असो, हाड जुळलं की रोज कोणाच्या तरी सोबतीनं चालवा." मी मान डोलावली. ती तपासणी तशीच राहिली.

मी मस्कतला परतलो. व्हिडिओ कॉलवर बाबा सदा खुर्चीत. "चालवता ना?" विचारलं की सुजाता म्हणायची, "हो, चालवते." माझा संशय काही गेला नव्हता. एक दिवस मी म्हणालो, "बाबांच्या चपला दाखव. खालचे तळ." तिनं त्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. मातीचा कण नव्हता.

"खोटं बोललीस," मी म्हणालो.

"हो, बोलले," ती म्हणाली. "परत पडले तर मलाच बोलतील ना, दादा? एकदा ऐकून घेतलंय. आता उंबऱ्याबाहेर नाही सोडत मी त्यांना."

बाबा मागून विचारत होते, "कोन आहे फोनवर?" तिनं सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं.

सही कोणी घेतली नव्हती, असं हेमंत सांगतो. माझा पुरता विश्वास बसला असं लिहिलं, तर तेही खोटंच होईल. संशयाची सवय लागली की जात नाही. पण चपलांचे ते तळ माझ्यामुळे स्वच्छ आहेत, याबद्दल मला काही शंका नाही.

पूर्वी घर म्हटलं की केळी आठवायच्या, बावखलाचं पाणी आठवायचं. आता त्या ओंडक्याच्या अलीकडे मी उभा असलेला दिसतो, प्रश्न विचारत.

पुढच्या महिन्यात तिकीट आहे. सुजाताला ज्यांनी बोल लावला, त्या सगळ्यांसमोर मला सांगायचं आहे की पाइप नव्हता, मी होतो. डॉक्टरांना जे "हो" म्हणायला हवं होतं, ते म्हणायचं आहे. आणि बाबांना घेऊन वाडीत चालायचं आहे, काहीही न विचारता. ते थांबले तर मीही थांबायचं. यातलं कुठलंच देणं अजून फिटलेलं नाही.