चादरीची घडी न येणारा साहेब

माझं सगळं आयुष्य घड्याळाच्या दुकानात गेलं. काउंटरमागे उभं राहून गोड बोलायचं, एवढी एकच कला मला येते. दुकान बंद पडलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, आणि नुसत्या गोड बोलण्याचा पगार कुणी देईना. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीने एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत लागलो. एका बाजूला धुलाईची यंत्रं, मधे चादरींना इस्त्री करणारा तापलेला लांबलचक रोलर आणि पलीकडे घड्यांचं टेबल. मला घड्यांवर ठेवलं.

मोठ्या चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात. दोघांनी एकदम झटकायचं, मग पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा मिळवायचा. मी झटकलं की चादर हातातून सुटायची. सुटली नाही तर चुकीच्या बाजूला वळून मी स्वतःलाच गुंडाळून घ्यायचो. बायको आधीच म्हणाली होती, ‘‘तुम्हाला रुमालाची घडी येत नाही, तिथे जाऊन काय दिवे लावणार?’’ मी दिवे लावत होतो.

त्या सुमारास टीव्हीवर एक कार्यक्रम जोरात होता. कंपनीचा मालक खोट्या मिशा लावून आपल्याच कंपनीत फरशी पुसायला येतो. त्याला कुणी ओळखत नाही. शेवटी तो मिशा काढतो, सगळे रडतात आणि एखाद्याचं भलं होतं. आमच्या हॉटेलच्या मालकाचं तोंड लाँड्रीत कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यात मी आलो. नवा माणूस, केसांना काळाभोर कलप, बोलणं गुळगुळीत. आणि काम? रोलरवरच्या मावशींना एकदा कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, ‘‘इतकं वाईट काम गरजू माणूस करूच शकत नाही गं. हा साहेबच!’’

तिथल्या तिथे हसून खरं सांगून टाकायला हवं होतं. पण तोवर माझ्यापुढे न मागता चहा येऊ लागला होता. बाकीच्यांवर खेकसणाऱ्या सुपरवायझर बाई मला ‘‘जमतंय ना?’’ असं विचारायच्या. मी चादर पाडली की उचलायला तिघं धावायचे. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी तिथे अंथरूणच घातलं. साहेब आहे असं मी कधी म्हणालो नाही. नाही म्हणायचं मात्र रोज राहून जायचं.

एका दुपारी मावशी डबा घेऊन शेजारी बसल्या. वय साठीला टेकलेलं, रोलरपुढे उभं राहून गुडघे सुजलेले. ‘‘साहेब, शिवणावरची बाई काम सोडून गेली. फाटक्या चादरी, अभ्रे शिवायचे, बसून काम. ती जागा मिळाली तर मी अजून काही वर्षं ढकलीन. नाहीतर डॉक्टर म्हणतात उभं राहणं बंद. म्हणजे घरी सुनेच्या तोंडाकडे बघत बसायचं.’’

आणि मी काय म्हणालो? ‘‘बघू.’’ तेही हनुवटीवर हात ठेवून.

पुढच्याच आठवड्यात सुपरवायझर बाईंनी सांगितलं, शिवणावर कुणाला जायचं असेल तर आज सुट्टी व्हायच्या आत नाव द्या. दोघींनी दिलं. मावशी जागच्या हलल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तुमच्या कानावर घातलंय ना? आता नाव दिलं तर साहेबांवर विश्वास नाही असं होईल.’’

‘‘मावशी, मी साहेब नाही हो. मी घड्याळं विकायचो.’’

‘‘टीव्हीवर पण असंच म्हणतात.’’

मी शपथा घेतल्या, केस ओढून दाखवले. बघणाऱ्यांपैकी दोघांनी टाळ्या वाजवल्या. जितकं नाही म्हणावं तितका मी मोठा होत गेलो. माझ्या फुकटच्या चहापायी या बाईची जागा जाणार होती. शेवटी बायकोला फोन केला, ‘‘आहेस तशी निघून ये.’’

ती धापा टाकत आली. दारातूनच तिने सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘यांना साहेब म्हणताय? घरातला नळ दुरुस्त करायला गेले आणि मजल्यावरच्या चारही घरांचं पाणी घालवलं यांनी! आणि काय हो, डबा ओट्यावरच विसरलात तो? चहावर राहिलात ना? पित्त खवळलं की निस्तरायचं कुणी?’’

कुणीतरी म्हणालं, ‘‘ही खरी बायको आहे.’’ आणखी पुरावा कुणाला लागला नाही. माणसं हसून हसून चादरींच्या ढिगावर कोसळली.

मावशी हसल्या नाहीत. ‘‘मग त्या दिवशी ‘बघू’ कशाला म्हणालास?’’

‘‘दुकान गेल्यापासून मला कुणी काही मागितलंच नव्हतं, मावशी. बरं वाटलं.’’ याहून लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही. त्या लंगडत गेल्या आणि नाव देऊन आल्या.

सगळ्यांत जुन्या म्हणून जागा त्यांनाच मिळाली. त्यांची रोलरवरची जागा मला मिळाली. सुपरवायझर बाईंनी हे माझ्याकडे न बघताच सांगितलं, आणि चहाही बंद झाला. पहिल्याच संध्याकाळी माझे पाय असे भरून आले की मी भिंतीला टेकलो. मावशी शिवणाच्या टेबलावरून उठल्या आणि आपली खुर्ची माझ्यापर्यंत ओढत आणली.

‘‘बस जरा. तू साहेब असतास तर फार बरं झालं असतं रे. पण साहेबाने बायकोला बोलावलं नसतं.’’

मी बसलो. हे वाक्य बायकोला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती डोक्यावर मिरे वाटेल.