घणआबा आणि माझा डावा पाय

घणआबांनी पहिल्या भेटीत मला पाना फेकून मारला आणि दुसऱ्या भेटीत तो परत मागितला. पाना माझ्या कानाजवळून सणसणत गेला आणि मागच्या निंबाची साल काढून खाली पडला. माझा गुन्हा एवढाच, की त्यांच्या वर्कशॉपसमोर शेठजींची जीप उभी करताना मी जोरात ब्रेक दाबला होता. "असा ब्रेक मारस का?" ते गरजले. "गाडी काय तुनी दुश्मन शे?" हे विचारणारा माणूस हातात दुसरा पाना तोलत होता.

धुळ्याला पांझरेच्या काठी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. हातातला भलामोठा घण हीच ओळख. अडलेला नट असो, वाकडा शाफ्ट असो की न उघडणारं कुलूप, आबांचा उपाय एकच. "लोखंडले कान नही. ठोकाशिवाय ते ऐकस नही," असं म्हणत ते घण उचलायचे, आणि आजूबाजूची शहाणी माणसं दोन घरं लांब जाऊन उभी राहायची. चहा गार आला तर कपबशी थेट नदीत. उन्हाळ्यात पांझरा आटली की वर्कशॉपच्या मागच्या वाळूत कपांचे तुटके कान दिसायचे. शेवटी हॉटेलवाला त्यांना चहा पत्र्याच्या डब्यातून पाठवू लागला. मग डबाही नदीत जायचा, पण तो धुऊन परत वापरता यायचा.

आता गंमत बघा. असा हा तोडफोडीचा अवतार, आणि त्याला वेड कसलं? तर हळू जाण्याचं! आमच्या काळात धुळ्याहून जळगावला कोण किती लवकर पोचला, यावर ड्रायव्हर लोकांची इज्जत ठरायची. आबा ते ऐकून थुंकायचे. "बठ्ठा डायवर मरानी घाई करतस," म्हणायचे, सगळ्यांनाच मरायची घाई. त्यांना अशी जीप बनवायची होती, जी सातपुड्याचा उतार माणसाच्या चालीपेक्षाही हळू उतरेल, आणि तीही ब्रेकला हात न लावता. म्हणजे पाय न लावता.

मी तेव्हा पंचविशीतला, शेठजींचा ड्रायव्हर. शेठजी मूळचे मारवाडचे. सरकी, मोहाची फुलं, डिंक, चारोळी, सगळ्याचा व्यापार. लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप घेऊन मी शिरपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या पाड्यांवर जायचो आणि माल भरून खाली यायचो. त्या वाटेवर एक उतार होता, त्याला सगळे घसरण म्हणत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नाला, आणि खाली सुटे धोंडे. माझ्या आधी या वाटेवर जीप चालवणारा ड्रायव्हर तिथेच गेला होता.

तो आबांचा धाकटा भाऊ होता. हे मला आबांनीच सांगितलं, जीपखाली उताणे पडून, वरचा बोल्ट हाणता हाणता. उतारावर ब्रेक तापून निकामी झाले तेव्हा जीप पहिल्या गिअरमध्ये होती. तिला इंजिनानेच धरून ठेवलं असतं. पण घाबरलेल्या ड्रायव्हरचे दोन्ही पाय एकदम खाली जातात. उजवा ब्रेकवर, डावा क्लचवर. क्लच दाबला, की इंजिनाने चाकांचा हात सोडलाच समजा. जीप सुटली ती थेट नाल्यात. "मना भाऊना पाय क्लचवर व्हता," आबा म्हणाले. "पायडलखाल अडकेल व्हता. मी घण मारीसन काढा." एवढं बोलून त्यांनी त्या बोल्टवर असा घाव घातला, की बोल्टाचं डोकं उडून माझ्या पोटरीला लागलं.

तर योजना अशी. जीपच्या गिअरपेटीमागे आणखी एक छोटी पेटी असते, तिला आम्ही ट्रान्सफर म्हणायचो. तिची दांडी ओढली, की चारही चाकं ओढू लागतात आणि चाल निम्म्यावर येते. आबा म्हणाले, एक पेटी चाल निम्मी करते, तर तिच्यामागे दुसरी जोडू, निम्म्याची निम्मी होईल. त्यासाठी त्यांनी जीपचा तळ छिन्नीने फाडला, मागचा लांब शाफ्ट कापून आखूड केला, आणि रेल्वेच्या रुळाचा तुकडा आडवा ठोकून त्यावर दुसरी पेटी बसवली. माझ्या मांडीशेजारी दांड्यांचं एक जंगलच उगवलं. शेठजींना मात्र इतकंच सांगितलं होतं, की जीपचा जोर वाढतोय. जोर म्हटल्यावर शेठजींना जास्तीची पोती दिसू लागली.

चाचणी शेठजींच्याच गोदामाच्या आवारात झाली. पेढीवरची माणसं, हमाल, शेठजी, सगळे हजर. जीपला नारळ फोडला (घणाने, पाणी शेठजींच्या धोतरावर). मी पहिला गिअर टाकला, दोन्ही पेट्यांच्या दांड्या ओढल्या आणि क्लच सोडला. जीप निघाली. मागे! दुसरी पेटी भंगारातल्या कुठल्याशा ट्रकची होती, आणि तिच्यात मधलं चक्र नसल्यामुळे फिरणं उलटं झालं होतं. मागे गोदामाची भिंत. मी बटण बंद करायला हात नेला, तर आबांनी त्या हातावर पाना हाणला. "चालू दे! जोर देखू दे!"

मंडळी, इतका सावकाश विध्वंस मी पुन्हा पाहिला नाही. पळायची कुणाला गरजच पडली नाही. भिंतीला पाठ लावून बसलेला हमाल उठला, बिडी विझवली, बाजूला झाला. शेठजींनी आत जाऊन भिंतीवरची लक्ष्मीची तसबीर उतरवून आणली. मग जीपने भिंतीला पाठ टेकवली, जरा विचार केला, आणि ढकलली. भिंत आधी पोटात वाकली, मग विटा सुटायला लागल्या, आणि मग सगळी एकदम आत बसली. सरकीची पोती फुटली. धुळीतून शेठजींचा आवाज आला, "आबा, आपली जीप पुढे जाणार की नाही, तेवढं सांगा!" आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुळीचं असेल. पण ते हसत होते. तसे हसताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

नंतर त्यांनी ती ट्रकची पेटी काढून घणाने तिचा चुरा केला आणि दुसऱ्या एका मोडक्या जीपची पेटी आणून बसवली. जीप पुढे जाऊ लागली. मग माझी शिकवणी सुरू झाली. पांझरेच्या काठच्या उतारावर जीप सोडायची, आबा शेजारी लोखंडी नळी घेऊन बसायचे. माझा डावा पाय क्लचकडे हलला, की नडगीवर नळी. "तुना डावा पाय मरेल शे, समज! पाय उचला ते तोडी टाकसू!" माझी नडगी वांग्यासारखी जांभळी झाली. आई विचारायची, रोज कुणाशी मारामारी करतोस? मी सांगायचो, गुरूशी.

अखेर तो दिवस आला. पाड्यावरून माल भरून आम्ही घसरणीच्या तोंडाशी आलो. आबा शेजारी, घण त्यांच्या मांडीवर. पोत्यांवर बाजाराला निघालेली एक म्हातारी, कोंबडी बगलेत. मी पहिला गिअर टाकला, दोन्ही पेट्या लावल्या. जीप धोंड्यामागून धोंडा हुंगत उतरू लागली. म्हातारी कंटाळून खाली उतरली, शेजारून चालू लागली, आणि थोड्याच वेळात आमच्या पुढे गेली. वळून म्हणाली, "गाडी आजारी आहे का रे?"

अर्ध्या उतारावर पुढचं चाक एका सुट्या धोंड्यावरून घसरलं आणि जीप नाल्याकडे कलली. माझा उजवा पाय ब्रेकवर गेला, आणि पायडल थेट तळाला टेकलं. ब्रेकचा पाइप फुटला होता. पुढे वाटेवर म्हातारी, बाजूला नाला. माझ्या नडगीने खाल्लेला सगळा मार त्या क्षणी विसरला गेला. डावा पाय उचलला गेला, क्लचवर पोचला.

आबांनी घण उभाच्या उभा माझ्या पावलावर सोडला.

मी असा ओरडलो, की म्हातारीच्या हातून कोंबडी सुटली. पाय क्लचवरून घसरून खाली आला आणि घणाखाली खिळून राहिला. आबांनी घणाच्या दांड्यावर दोन्ही हात दाबून धरले. "आते उगा बस," ते म्हणाले. मी रडत, शिव्या देत, नुसतं स्टेअरिंग धरून बसलो. इंजिनाने चाकांचा हात सोडला नाही. जीप सावरली, आणि एखाद्या गाभण म्हशीसारखी पाय जपत, नाल्याच्या कडेकडेने खाली उतरली. सपाटीला लागल्यावर आबांनी घण उचलला. अंगठ्याकडे पाहून विचारलं, "तुटना का?"

"तुटला," मी म्हणालो.

"बरं झायं," म्हणाले, आणि खाली उतरून जीपच्या आड गेले. बराच वेळ आले नाहीत. आम्ही कुणी बघायला गेलो नाही. म्हातारी कोंबडी शोधत होती.

त्यानंतर त्या घसरणीवर शेठजींची एकही जीप नाल्यात पडली नाही, एकही ड्रायव्हर दगावला नाही. शेठजींनी भिंत पुन्हा बांधली, आणि जास्तीची पोतीही आली. माझा अंगठा वाकडाच जुळला.

आबा गेले ते अंथरुणात, साध्या तापाने. आदल्या दिवशीपर्यंत औषधाची बाटली फेकत होते. मला बोलावून म्हणाले होते, "चार खांद्यासवर मना भरोसा नही. एखादाना पाय घसरना ते? माले जीपवर लई जा. पहिला गिअर, दोन्ही पेट्या." तसंच केलं. धुळ्याच्या रस्त्यावर लोक पुढे, जीप मागे. पुढची माणसं चौकाचौकात थांबून मयताची वाट बघत होती. म्हातारे झालेले शेठजी वळून वळून म्हणत होते, "आज तरी अ‍ॅक्सिलरेटर जरा दाब रे!" मी दाबला नाही.

नदीकडे उतार लागला. ज्या उतारावर माझी नडगी फुटली, तोच. जीप कलली आणि माझा डावा पाय आपोआप उचलला गेला. आबा मागे निजलेले. मी क्षणभर वाट पाहिली. काहीच आलं नाही, ना नळी, ना शिवी. तेव्हा मीच मूठ वळली आणि आपल्या मांडीवर जोरात हाणली. पाय मुकाट्याने खाली गेला, आणि आम्ही दोघं हळूहळू उतरलो.