यामिनीने रिकामी केलेली रांग

यामिनीला कुणी विचारलं, काय काम करतेस गं, तर ती म्हणायची, "रांग सांभाळते." म्हसावदला ओट्यावर बसलेल्या तिच्या आईचं, छबूबाईंचं, एवढ्याने समाधान व्हायचं नाही. "रेशननी रांग शे का वं, बेटा?" असं त्या विचारायच्या आणि शेजारणी फिदीफिदी हसायच्या. खरं सांगायचं तर म्हातारी फारशी चुकत नव्हती.

तळोद्यात बसस्टँडमागे एका संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या सेविका लहान पोरांची वजनं मोबाइलच्या फॉर्मात भरायच्या आणि पाठवायच्या. आलेल्या प्रत्येक फॉर्माचा एक जॉब व्हायचा आणि तो रांगेत उभा राहायचा. सर्व्हर एकेक जॉब उचलून तपासायचा, आणि शेवटी यादी निघायची: अमुक पोर फार अशक्त, दवाखान्यात आणा. यादीत नाव आलं की संस्थेची गाडी पाड्यावर जायची आणि पोर आईसकट पंधरा दिवस वॉर्डात राहायचं. नाव नाही तर गाडी नाही. सगळा कारभार असा सरळ.

पहिल्या वर्षी यामिनी प्रत्येक नाव वाचायची. सहा किलोचं पोर दिसलं की तिचा डबा तसाच घरी जायचा. मग कधीतरी ते थांबलं. कधी, ते तिलाही सांगता येणार नाही. हिरवी खूण म्हणजे झालं, लाल म्हणजे परत चालव. आता ती स्क्रीनसमोर बसून भाकरी खायची, आणि भाकरीला चवही नसायची. बरं वाटायचं नाही, वाईटही वाटायचं नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची घाई सुरू झाली तसा आंबापाड्याच्या गुलाबबाईचा फोन आला. गुलाबबाई तिथली सेविका. पाड्यावर टॉवर मिळत नाही, म्हणून ती डोंगरावरच्या मोहाच्या झाडाखाली चढून जायची आणि तिथूनच फॉर्म पाठवायची, तिथूनच बोलायची.

"ताई, यादी निघाली का? बाज्याची पोर आहे ना, मयूरी, तिच्या दंडाला मापाची पट्टी लावली, तर लालमध्ये आली, फारच अशक्त. बुधवारी त्यांचा ट्रक आहे खापरवरून. बाज्या म्हणतो, दवाखान्याची गाडी आली तर बायको-पोर मागे ठेवतो. नाही आली तर सगळे जाऊ. मुकादम थांबत नाही."

"निघेल उद्या," यामिनी म्हणाली.

निघेल कुठली! सर्व्हर भरून वाहत होता. चार हजार जॉब रांगेत ताटकळले होते आणि तीन वर्षांच्या रन हिस्टरीने, म्हणजे कुठलं काम कधी चाललं, त्यात काय होतं, या जुन्या नोंदींनी, जागा खाऊन टाकली होती. संस्थेच्या नंदुरबारच्या ऑफिसातून तिच्या वरच्या हेमकांत सरांनी फोनवर तोडगा सांगितला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, दुसरं काय.

"एकाच फॉर्म नंबरचे दहा-दहा जॉब दिसतायत ना? बायका टॉवर मिळाला की दाबत सुटतात. रिपीट आहेत सगळे. पहिला ठेव, बाकीचे क्लिअर कर. आणि हिस्टरी पण उडव."

"सर, एकदा उघडून बघू?"

"चार हजार उघडणार तू?"

यामिनीने उघडले नाहीत. आंबापाड्याच्या एका नंबरचे सदतीस जॉब होते. तिने पहिला ठेवला, छत्तीसांवर खूण केली, क्लिअर. मग पुढचा पाडा. दुपारपर्यंत रांग मोकळी झाली. मग हिस्टरी. 'हे परत मिळणार नाही, नक्की का?' असं मशीनने विचारलं. मशीनला तरी विचारावंसं वाटलं! तिने 'हो' दाबलं आणि चहा मागवला.

मंगळवारी यादी निघाली. आंबापाड्याचं एकही नाव नव्हतं. गुलाबबाईने फोनवर तीनदा विचारलं, "मयूरी बाज्या? नीट बघा ना, ताई." यामिनीने तीनदा बघितलं. "नाही." बुधवारी ट्रक गेला.

शुक्रवारी गुलाबबाई जीपने उतरली आणि बाजारात न जाता थेट ऑफिसात आली. चप्पल दाराशी काढून खुर्चीच्या कडेला बसली. भांडायला आली नव्हती.

"माझ्या हातून काही चुकलं असेल," ती म्हणाली. "पुन्हा भरून बघू, तुमच्यासमोर."

"वही आहे?"

"वही तुम्हीच बंद केली ना, मोबाइल दिला तेव्हा. पण तिचं तोंडपाठ आहे. बावीस महिने. सहा किलो दोनशे."

यामिनीने गुलाबबाईच्याच मोबाइलवर नवा फॉर्म उघडला. जिल्हा, तालुका, गाव, पाडा, सेविकेचं नाव. गुलाबबाई बघत राहिली, मग तिला राहवेना.

"नवा कशाला उघडता? जुनाच उघडा, नाव अन् वजन बदला, पाठवा. तुम्हीच शिकवलं होतं ट्रेनिंगला. टॉवर जातो म्हणून. मी सगळी पोरं तशीच पाठवते."

यामिनीचा हात थांबला. शिकवलं होतं. पहिल्या वर्षी, या बायांना उन्हात डोंगरावर ताटकळायला लागू नये म्हणून, मोठ्या मायेने शिकवलं होतं. जुना फॉर्म उघडला की नंबर जुनाच राहतो, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि नंतर तिने कधी बघितलं नाही. सदतीस जॉब म्हणजे सदतीस पोरं, आणि तिने ठेवलेलं पहिलं पोर तेवढं धडधाकट निघालेलं. मोबाइलमध्ये उरलेलं होतं फक्त शेवटचं. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे सुकं काही नव्हतंच.

तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. आपण रडू असं तिला वाटलं. रडू आलं नाही. हिस्टरीचं पान उघडलं, त्यावर मंगळवारच्या यादीच्या कामाआधीची एकही नोंद नव्हती.

गुलाबबाईने मुकादमाला फोन लावला. "टोळ्या पांगल्या, कोण कुठल्या फडावर मला ठाऊक नाही," म्हणून त्याने ठेवून दिला.

मग यामिनीने फॉर्म पूर्ण भरला. रांगेत कुणीच नव्हतं. दोन मिनिटांत हिरवी खूण आली, यादी निघाली, तिच्यात एकच नाव. तिने कागद छापला. गुलाबबाईने तो दोन्ही हातांनी घेतला, चार घड्या केल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

"होळीला येतात सगळे परत," ती म्हणाली. "तेव्हा दाखवते बाज्याला."

होळीला साडेतीन महिने होते. यामिनीने मान हलवली.