नारळ सोडल्यावरचं परीक्षण

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवून हात पुसायच्या आत माझ्या मेव्हण्याने तिचं परीक्षण सांगून टाकलं असतं, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. समुद्र झकास जमलाय, डोंगर जरा जास्त झालेत आणि माणूस घाईत उरकलाय, असं काहीतरी तो म्हणाला असता. आणि ब्रह्मदेवाचा चेहरा पडलेला दिसला असता तर "देवा, मनाला लावून घेऊ नको, पुढच्या खेपेला सुधार," असा धीरही दिला असता. हे मी स्वानुभवाने सांगतो. मुरुडच्या कोळीवाड्यात आमचं लग्न लागलं तेव्हा मी मुंडावळ्या सावरत बसलो होतो. हा बायकोचा धाकटा भाऊ समोर आला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेताने आईला म्हणाला, "मानूस बरा हाय गं आये. आवाज जरा मोठा हाय, पन चालंल." आमच्या संसाराची इतकी वर्षं उलटली, पण त्या परीक्षणात बदल करण्याची गरज त्याला कधी वाटलेली नाही.

त्याचा पेशा म्हणाल तर थोरल्या भावाच्या होडीवर मासेमारी, आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या की संगणकावरचे खेळ. त्यातही त्याला गोळीबाराचे, मोटारी पळवायचे खेळ चालत नाहीत. आपण एक पात्र व्हायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, त्यांची कामं करून द्यायची आणि महिनाभराने एखादं राज्य वाचवायचं, असले लांबलचक खेळ त्याला लागतात. ते खेळून झाले की तो मोबाइलपुढे बसून त्यांचं परीक्षण सांगतो, आणि आखातात नोकरीला गेलेली कोकणातली पोरं ते भक्तिभावाने ऐकतात. परीक्षणाची विद्या त्याने आईकडून घेतली. माझ्या सासूबाई बंदरावर मासळीच्या लिलावाला बसतात. मासा कितीही चकचकीत दिसो, त्या आधी त्याचा कल्ला उचलून आत लालभडक आहे की नाही ते बघतात आणि मगच बोली लावतात. मेव्हणाही खेळाचा कल्ला उचलतो. त्याच्याकडे आकडे नाहीत, तारे नाहीत. बरा खेळ म्हणजे 'बांगडा', चांगला म्हणजे 'सुरमई', वाईट असेल तर 'खताला' आणि सर्वोत्तम असेल तर 'पापलेट'. पापलेट त्याने आजवर कुणालाही दिलेलं नाही. परीक्षण ऐन रंगात आलेलं असताना मागून सासूबाईंचा "बोंबील उलटं कर रं!" असा पुकारा येतो, तो उठतो, बोंबील उलटे करून येतो आणि राहिलेलं वाक्य पुरं करतो. मधलं काही कापत नाही.

खेळताना त्याला बघणं हा वेगळाच सोहळा असतो. खेळातल्या कुणाच्याही घरात शिरण्याआधी तो आपल्या शूर नायकाचे चिलखती बूट काढून ठेवतो. एकदा अशाच अनवाणी अवस्थेत घरमालक राक्षस निघाला आणि नायक जागच्या जागी ठार झाला. मी म्हटलं, "बूट घालून गेला असतास तर?" तर म्हणाला, "राक्षस झाला म्हनून काय त्याच्या घरात बुटानं शिरायचं?" खेळातल्या बाजारात मासे विकायला असतात, ते खाल्ले की अंगात शक्ती येते. पण हा पठ्ठ्या उपाशी लढतो, मासे घेत नाही. "डोळे बघा भावोजी, आत गेलेत. परवाचे हायेत."

तर अशा या माणसाच्या आयुष्यात एक खेळ सगळ्यांहून वेगळा होता. तो विशीचा असताना मुरुडच्या एसटी स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. तिथे तो आणि मोहल्ल्यातला त्याचा जिवाचा दोस्त एका खुर्चीवर दोघं बसून हा खेळ खेळत. कळफलक याच्याकडे, माउस त्याच्याकडे. खेळात एक बंदर होतं, धक्क्याला एक होडी बांधलेली होती आणि लांबवर एक बेट दिसत होतं. होडीजवळ गेलं की नाखवा म्हणायचा, "आज समुद्र खवळलेला आहे." बाकीच्या जगाने ओळखलं की पुढचं काही बनवलेलंच नाही आणि सगळे दुसऱ्या वाटेने गेले. हे दोघे पडले बंदरावरचे. समुद्र खवळला असेल तर निवळेपर्यंत थांबायचं, एवढंच त्यांना माहीत. ते पुन्हा पुन्हा धक्क्यावर जाऊन नाखव्याला विचारून येत. अमावास्येला जात, पौर्णिमेला जात, ओहोटी बघून जात. समुद्र काही निवळला नाही. मग कॅफे बंद पडला, दोस्त कुवेतला नोकरीला गेला आणि होडी तिथेच बांधलेली राहिली.

यंदाच्या पावसाळ्याच्या तोंडाशी बातमी आली की तोच खेळ नव्याने घडवून येतोय आणि सोबत एक जोड-भागही आहे. त्या भागात ती होडी सुटते, बेटावर जाता येतं, आणि वाटलं तर दोघांना दोन ठिकाणांहून एकत्र खेळता येतं. मेव्हण्याने ती सांगायला इतक्या पहाटे फोन केला, की मला वाटलं घरात कुणाचं काही बरंवाईट झालं.

आता इथे माझा संबंध आला. मी न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या कचेरीत आहे. कंटेनर वेळेवर सुटला नाही तर मला रात्री जेवण जात नाही. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी पनवेलला खेळांच्या परीक्षणाची वेबसाइट चालवते. तिला मराठीत नेमाने लिहिणारं कुणीतरी हवं होतं. मी मेव्हण्याचं नाव सुचवलं. हा लग्नातला सदरा घालून व्हिडिओ कॉलला बसला आणि पोरगी खूश झाली. "काका, हा माणूस परफेक्ट आहे! फक्त रिलीजच्या आठवड्यात रिव्ह्यू पाहिजे हां, एक्स्पान्शनसकट. नंतर कोण वाचतं?" मेव्हण्याला जन्मात पहिल्यांदा कुणी परीक्षक म्हणून बोलावलं होतं. तो सगळ्या कोळीवाड्याला सांगत सुटला.

खेळ आला. याने झपाट्याने मूळ भाग संपवला, धक्क्यावर पोचला. नाखवा म्हणाला, "आज समुद्र शांत आहे. चढता का?" आणि हा मागे फिरला.

मी फोनवर विचारलं, "का रे?"

"अजून नारळी पुनव झाली न्हाय, भावोजी."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि माझा तो प्रसिद्ध आवाज लागला. पावसाळ्यातली मासेमारीवरची सरकारी बंदी कधीही उठो, यांच्या घरात दर्याला नारळ सोडल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण संगणकातली होडी? "अरे, ती खोटी होडी आहे!" मी ओरडलो.

"होडी खोटी आसंल. मी खरा हाय ना."

"दोस्ताला विचार तुझ्या, तो तरी शहाणा असेल."

"त्यानंच आधी सांगितलं, नारळ सोडेपर्यंत थांबू म्हनून."

मी फोन ठेवला. दरम्यान जगभरच्या परीक्षकांची परीक्षणं येऊन पडली होती. हा ती रोज वाचून मला ऐकवायचा. कुणी म्हणे चित्रं डोळे दिपवणारी आहेत, कुणी म्हणे जुन्याचा जीवच हरवला, कुणी म्हणे काहीच बदललं नाही, मग नव्याने काढला कशाला. बेटाच्या भागाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं: छान आहे, पण फार लवकर संपतो. याने अर्धं परीक्षण वेळेत पाठवलं आणि खाली लिहिलं, 'बेटाचं नारळी पौर्णिमेनंतर.' पोरीने दुसऱ्या कुणाचं तरी छापलं. तिची काही चूक नव्हती. मी बायकोपुढे थयथयाट केला, माझं नाक कापलं म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं असंच असतं." मेव्हण्याला फोन केला तेव्हा तो जाळं विणत होता. "वाईट तर लय वाटलं, भावोजी," एवढंच म्हणाला. मला भांडायचं होतं, ते राहूनच गेलं.

नारळी पौर्णिमेला आम्ही मुरुडला गेलो. वाजतगाजत मिरवणूक निघाली, सोनेरी कागदाने मढवलेला नारळ दर्याला सोडला, सासूबाईंनी हात जोडले. संध्याकाळी मेव्हणा अंघोळ करून, तोच लग्नातला सदरा घालून संगणकापुढे बसला. पलीकडून कुवेतहून दोस्ताचा आवाज आला.

"नारळ सोडला?"

"सोडला."

"मग बिस्मिल्ला."

आणि होडी सुटली. पडद्यावर दोन माणसं होडीत बसली होती आणि आजूबाजूला पाणी होतं. सासूबाई नारळीभाताची ताटली घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"सुकानूवर कोन हाय?"

"मी."

"आन् म्होरं नाळीवर?"

"तो."

सासूबाईंनी क्षणभर बघितलं. त्या पोराने या घरात किती वेळा जेवण केलं असेल ते त्यांनाच ठाऊक. "जपून जा रं पोरांनो," त्या म्हणाल्या, आणि तिकडून दोस्त सख्ख्या मावशीला म्हणावं तसं म्हणाला, "हां, खाला." मी त्यांच्या हातातली ताटली घेतली आणि भात खाऊ लागलो.

दुसऱ्या दिवशी त्याने परीक्षण सांगितलं. "लोक म्हनतात जुनं नवं केलं. बर्फातली मासळी ताजी असल्याचं सोंग करते. हा खेळ तसा न्हाय. ही सुकवलेली मासळी हाय. ती ताजी न्हाय, शिळीबी न्हाय. उन्हानं ती येगळीच झाली, पन चव जुनीच हाय. आन् बेट लवकर संपतं म्हनतात, त्ये मला म्हाईत न्हाय. आमी अजून उतरलोच न्हाय. दर्यावरच फिरतोय." मग तो थांबला. मी कान टवकारले. आता पापलेट येणार. तो म्हणाला, "हिला भाव देनार न्हाय. घरी खायला काढलेली मासळी लिलावात मांडत न्हाईत."

पनवेलच्या पोरीने ते ऐकलं. तिचा मला निरोप आला, "काका, त्यांना सांगा, पुढचा गेम पाठवते. उशीर झाला तरी चालेल." मी निरोप सांगितला तेव्हा मेव्हणा अंगणात जाळं पसरून बसला होता. त्याने मान डोलवली आणि, "पावसाळ्यात होडीचा नको म्हनावं," एवढी अट घातली.

निघायच्या वेळी मी गमतीने विचारलं, "माझं लग्नातलं परीक्षण आता तरी सुधारशील का रे?"

"आवाज हाय तेवढाच हाय, भावोजी," तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला. मग सुतळीला गाठ मारत म्हणाला, "पन तुमाला कवा भाव लावला का मी? बांगडा म्हटलं का, सुरमई म्हटलं?"

त्याने म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. परतीची एसटी खच्चून भरली होती आणि मला उभ्यानेच यावं लागलं, पण त्या दिवशी पाय दुखल्याचं काही मला आठवत नाही.